दाखल्याचा लगदा

कागद कारखान्यातल्या माणसांच्या मुलांना कागद कसा बनवतात हे शिकवायला निघालेला मास्तर तुम्ही पाहिला नसेल. तो मी. मोबाइलवर चार मिनिटांचा व्हिडिओ पाहिला आणि त्या बळावर पाचवीच्या वर्गासमोर उभा राहिलो.

मी बुऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यात राहतो. सकाळच्या गाडीने चांदनीच्या पुढच्या स्टेशनावर उतरून शाळेत येतो. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे बाप नाहीतर आजोबा कारखान्यात. महाराष्ट्रातून कामाला आलेली घरं, घरात मराठी आणि गल्लीत हिंदी. त्यांच्यापुढे मी फळ्यावर लिहिलं, ‘टाकाऊ कागदापासून नवा कागद’, आणि विचारलं, “कागदाच्या लगद्याला हिंदीत काय म्हणतात, माहीत आहे?”

“लुगदी!” सगळा वर्ग ओरडला. मागून एकाने जोडलं, “सर, ये तो सबको पता है.”

तिथेच मी खाली बसायला हवं होतं. पण मला उत्साह फार.

“कपाटावरची सगळी रद्दी काढा,” मी हुकूम सोडला. चार पोरं बाकावर चढली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे धाडधाड खाली आले, धुळीने सगळे शिंकले. दोन वेण्यांच्या एका मुलीने न सांगता कारभार हातात घेतला. तिचा बाप कारखान्यात लगद्याच्या टाक्यांवर काम करतो. ती कमरेवर हात ठेवून एकेकाला कामाला लावत होती. “ए, चिकना कागद वेगळा ठेव. तू, फाडताना एवढे मोठे तुकडे नको करू. पिना काढ आधी, अंधा है क्या?”

मी अधूनमधून “शाब्बास” म्हणत होतो. मला दुसरं काम उरलंच नव्हतं.

स्वयंपाकाच्या बाईंकडून गरम पाणी आणलं, टपात तुकडे भिजवले, पोरांनी बाह्या सरसावून मळायला घेतलं. मच्छरदाणीच्या जाळीवर पहिला कागद उतरला. पापडासारखा जाड, कडेला फाटका, पण कागद. पोरं नाचली. मीही थोडा नाचलो.

मग मधली सुट्टी झाली. पोरं ताटं घेऊन पळाली. मी टॉवेल शोधायला कपाटापाशी गेलो, वर पाहिलं आणि टॉवेल विसरलो.

कपाटावर काहीच नव्हतं.

आदल्या संध्याकाळी याच दोन वेण्यांच्या मुलीचा बाप स्टेशनच्या फाटकावर मला भेटला होता. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा तिचा फॉर्म भरायचा होता, आणि आज शेवटचा दिवस. त्यासाठी तिच्या जन्माचा असली दाखला त्याने थैलीतल्या पाकिटात, वर रबर लावून, माझ्या हातात दिला. मुलगी जन्मली आजोळी, जळगावकडच्या गावात. तो कागद काढायला त्याने सुट्ट्या टाकून तीन चकरा मारल्या होत्या. “झेरॉक्स काढून घेऊ का सर?” त्याने विचारलं होतं. “मीच काढतो, तुम्ही निश्चिंत राहा,” मी म्हणालो होतो. सकाळी पिशवीत पाण्याची बाटली गळायला लागली, म्हणून ते पाकीट मी वर्तमानपत्रात नीट गुंडाळून कपाटावर ठेवलं. माझी बायको म्हणते, तुम्ही एखादी वस्तू जपून ठेवली की मला भीती वाटते.

मी टपात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. लगदा बाहेर काढून चिमटीत धरून पाहिला. एक निळसर कण सापडला, तो शिक्क्याचा वाटला. दुसरा सापडला, तो साबणाच्या जाहिरातीतला निघाला. मी गुडघ्यांवर बसून एका मुलीच्या जन्माचे तुकडे शोधत होतो, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

“काय करून राहिले, सर?”

बाप. ड्यूटीवरून तसाच आलेला, हातात टिफिन. दुसऱ्या कुणालाही मी काहीतरी थाप मारली असती. हा माणूस टपाजवळ आला, वाकला, दोन बोटांत लगदा चोळला आणि म्हणाला, “जाड राहिला. अजून कुटायला पाहिजे होता. फॉर्म भरला का?”

“दाखला,” मी म्हणालो, आणि टपाकडे बोट दाखवलं.

त्याला लगेच कळलं नाही. मग कळलं. टिफिन बाकावर ठेवला आणि माझ्या समोर बसून त्यानेही टपात हात घातला. त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

“असली होता,” तो एवढंच म्हणाला.

“माझी चूक आहे, भाऊ. दुसरा काढू. मी स्वतः जाईन जळगावला.”

“आज शेवटचा दिवस आहे ना, सर?”

मी पुन्हा टपात हात घातला. मुलगी खिचडी संपवून, हात फ्रॉकला पुसत आत आली. बाप आणि मास्तर टपाच्या दोन बाजूंना बसलेले पाहून ती दचकली. “पापा, तुम कायको आए? सर, काय शोधताय?”

“पेपरात गुंडाळलेलं पाकीट होतं गं. कपाटावर.”

“निळ्या थैलीतलं? रबर लावलेलं?”

आम्ही दोघांनी एकदम मान वर केली.

“ते तर मी बाजूला टाकलं ना. प्लास्टिक होतं.” ती माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघत होती. “लुगदीत प्लास्टिक नाही चालत, सर. जाळी चोक होते. पापांना विचारा.”

ती कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेली. पिना, बिस्किटांची वेष्टनं, चकचकीत कागद, आणि त्याखाली निळी थैली. रबरसुद्धा तसंच. बापाने थैली उघडली, दाखला उलटापालटा करून पाहिला, उन्हात धरला. मग खाली बसला आणि हसू की रडू असं एक विचित्र तोंड केलं. मी त्याच्या हातातून थैली घ्यायला हात पुढे केला. माझ्या कोपरापर्यंत लगदा ओघळत होता.

“नाही सर,” तो म्हणाला. “आता मी धरतो.”

मोठ्या बाईंना वर्गाकडे बघायला सांगितलं आणि त्याच्या मोटरसायकलवर आम्ही तिघं निघालो. पुढे बाप, मध्ये मुलगी, मागे मी. थैली त्याच्या शर्टाच्या आत. कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात रांग होती, साइट दोनदा अडकली. नंबर आला तेव्हा दुकानवाल्याने दाखला मागितला. बापाने तो स्वतः स्कॅनरच्या काचेवर ठेवला, पण कोपरा काही सोडेना.

“भाऊ, छोडो अब. झाकण लावायचंय.”

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, मी लगेच दोन्ही हात पाठीमागे घेतले. तेव्हा कुठे त्याने कोपरा सोडला. पडद्यावर दाखला उमटला, शिक्क्यासकट, अक्षर न् अक्षर. मुलीने पुढे होऊन स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं. दुकानवाल्याने ‘सबमिट’ दाबलं, आणि मी तिथल्या पायरीवरच बसून घेतलं.