वास येतोय का बघ

शेजारच्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीत औषधांच्या दुकानात उभी होते. "मंगल, लवकर ये. आक्का खुर्चीतनं उठंनात," एवढंच त्या म्हणाल्या. रिक्षात बसताना माझ्या मनात पहिल्यांदा पायच आला. फोड फुटला असेल, पू झाला असेल, ताप चढला असेल... घरी पोहोचले तर सगळं संपलं होतं. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. हृदय? आमच्या घरात हृदयाची भीती कुणाला कधी वाटलीच नव्हती.

आक्का माझी थोरली बहीण. गारगोटीच्या शाळेत तिनं गणित शिकवलं. आवाज असा, की व्हरांड्यातून जाणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. लग्न केलं नाही, कुणाला भ्यालीही नाही. निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आली तेव्हा साखरेचा आजार सोबत होता. एकदा चप्पल लागून बोटाला जखम झाली. पाय बधिर, त्यामुळे दुखलंच नाही. कळलं ते वासावरून. तोवर उशीर झाला होता. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

कृत्रिम पाय आला, आक्का पुन्हा चालू लागली, भाजीवाल्याशी भांडूही लागली. पण भीती घरात मुक्कामालाच आली. गुडघ्याखाली उरलेल्या तुकड्याला ती 'बुडखा' म्हणायची, ऊस तोडल्यावर रानात राहतो तसा. रोज संध्याकाळी कृत्रिम पाय काढायचा, बुडखा साबणानं धुऊन टिपायचा, हातआरसा खाली धरून मागची बाजू बघायची. कृत्रिम पायाच्या ज्या वाटीत बुडखा बसतो ती ओल्या फडक्यानं आतून पुसून वाळवायची. बुडख्यावर चढवायचा मोजा रोज धुतलेला हवा, त्यावर एक सुरकुती चालायची नाही. कातडीवर कुठं लाल दिसलं, की लाली उतरायची वाट बघत ती बसून राहायची. उतरली की मोठ्यांदा श्वास सोडायची. नाही उतरली, तर त्या दिवशी तिच्या घशाखाली घास जायचा नाही. माझ्याही.

राधानगरीला दादाच्या नातीचं बारसं होतं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. रस्त्यापासून घरापर्यंत चालताना आक्काचा मोजा भिजला. पिशवीत कोरडा होता, पण घर बायकांनी भरलेलं. सगळ्यांसमोर पाय काढायला ती तयार होईना. "घरी गेल्यावर बदलतो की," म्हणाली. दिवसभर ओल्या मोज्यावर हसत बसली, पाळणाही म्हटला.

कोल्हापुरात परतल्यावर पाय काढला, तर बुडख्याच्या मागं कातडी सोलून निघालेली. कडेनं काळपट लाल. तिला काहीच जाणवलं नव्हतं. आरसा तिच्या हातातून गळून पडला. भिंतीला टेकून, डोळे मिटून ती म्हणाली, "मंगल, वास येतोय का बघ."

मी वाकले. हुंगून बघितलं. "न्हाय गं आक्का."

"खरं सांग."

"न्हाय येत."

डॉक्टरांनी जखम पुरती भरेपर्यंत पाय घालायला मनाई केली. आणखी पसरलं तर गुडघाही जाईल, हेही स्पष्ट सांगितलं. आक्का खुर्चीला खिळली. पट्टी बदलताना ती आता जखमेकडे बघेना.

"आरसा देऊ का?" मी एकदा विचारलं.

"नगं. मी तुझं तोंड बघतोय. तेवढ्यावर कळतंय मला."

त्यानंतर चेहरा कसा ठेवायचा हेच मला समजेना. एक दिवस जखमेची कड गुलाबी दिसली. मी काही बोलायच्या आत आक्का रडायला लागली. एवढ्या वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं... जखम हळूहळू भरली. पाय पुन्हा चढवून ती स्वयंपाकघरापर्यंत चालत आली आणि चहात साखर घातलीस का, म्हणून माझ्यावर ओरडली. त्या ओरडण्यानं घर पुन्हा घरासारखं झालं. त्यानंतर पाऊस दिसला, की ती बाहेर पडायची नाही.

आणि ती गेली ती अशी, दुपारच्या जेवणानंतर, कुठंही न दुखता. आम्ही सगळे पायावर पहारा देत बसलो होतो.

न्यायच्या आधी आम्ही बायकांनी तिला आंघोळ घातली. दादा दाराबाहेरून म्हणाला, "मंगल, पाय घाल तिला. अर्धी न्यायचो न्हाय मी बहिणीला." मी बुडखा टिपून कोरडा केला, धुतलेला मोजा घेतला आणि माझे हात थांबले. मी खाली वाकून मागची बाजू बघू लागले.

"अगं, आता काय बघतीस?" शेजारच्या वहिनी हळूच म्हणाल्या.

मी सगळीकडून बघितलं. जुन्या जखमेची जागा पांढुरकी, मऊ झाली होती. कुठंही लाल नव्हतं. मी मोजा चढवला, सुरकुती राहू नये म्हणून दोन्ही हातांनी वरपर्यंत नीट ओढला, आणि मग तिला पाय घातला.