वाकलेली रिम आणि सोनाजी मिस्त्री

सोनाजी मिस्त्रीइतका चांगला कारागीर आणि त्याच्याइतका वैताग आणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये तो वाकलेल्या रिमा सरळ करायचा. त्याचा बाप फर्दापूरकडे मेंढरं राखायचा. कळपातलं लंगडणारं मेंढरू लांबून ओळखायची बापाची नजर याने चाकांकडे वळवली. चालत्या गाडीकडे बघून कुठल्या चाकात बेंड आहे ते तो सांगायचा. एवढ्यावर थांबला असता तर देवमाणूसच होता. पण त्याच्या मनासारखं काम होईपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं व्हायचं.

माझ्या भाचीचं, सरूचं, लग्न वैजापूरला होतं. मुहूर्त दुपारी बारा दहाचा. नवरीला बोहल्यावर न्यायचं ते मामाने, आणि सख्खा मामा मी एकटाच. बायको हळदीला आधीच गेली होती. मला मात्र माझ्या तीस वर्षांच्या फियाटमधून मांडवापुढे ऐटीत उतरायचं होतं. सकाळी निघालो आणि गल्लीतच, पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेल्या चारीत पुढचं चाक आदळलं. रिमची कड आत दबली, हवा गेली. स्टेपनीच्या टायरच्या तर तारा बाहेर आल्या होत्या. ते बदलायचं मी दोन वर्षं उद्यावर ढकलत होतो. त्याच स्टेपनीवर कशीबशी गाडी सोनाजीच्या दारात आणली. तेव्हा आठ वाजले होते.

त्याने रिम हातात फिरवून पाहिली. "साहेब, आज एसटीनं जा."

मी म्हणालो, सख्खा मामा पिशवी घेऊन एसटीतून उतरला तर व्याही काय म्हणतील? अर्ध्या तासाचं काम आहे, चार हातोडे हाण आणि मोकळा कर. त्याने वाद घातला नाही. जमिनीत पुरलेल्या जुन्या एक्सलवर रिम चढवली, गरकन फिरवली आणि कडेजवळ खडू धरला. जिथे खडू टेकला तिथे लाकडाचा ठोकळा ठेवून एक ठोका. पुन्हा फिरवणं, पुन्हा खडू, पुन्हा एक ठोका. नऊ वाजता मला ती रिम बांगडीसारखी गोल दिसत होती. त्याला दिसत नव्हती.

साडेनऊला त्याने एकदाची मान डोलावली. मी घाईघाईने टायर पुढे ढकललं, तर हा गडी रॉकेलचा बोळा घेऊन बसला. सगळ्या रिमला रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं, वर खडूची पूड फासली आणि म्हणाला, आता चहा घेऊ. माझं डोकं असं फिरलं की तो कप त्याच्या अंगावर फेकावासा वाटला.

चहा संपला तेव्हा पांढऱ्या पुडीवर, बोल्टच्या भोकाजवळ, केसाएवढी ओली रेघ उमटली होती. तडा होता. त्यात मुरलेलं रॉकेल पुडीने बाहेर ओढलं होतं.

मी म्हणालो, वेल्डिंग कर. तो म्हणाला, टिकणार नाही. मी म्हणालो, वैजापूरला जाऊन येण्यापुरतंच टिकू दे. तो ऐकेना. मग मी ओरडलो की चाक माझं, गाडी माझी, तू कोण अडवणारा? सोनाजी रिम मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला.

"चाक तुमचंच हाय," तो म्हणाला. "पर मांडवात मामा पायजे का मामाची बातमी, तेवढं सांगा."

त्याला शिव्या घालत रिक्षाने स्टँड गाठलं. पावणेअकराची बस मिळाली, तीही उभ्याने. वैजापूरला पोचलो तेव्हा एक वाजला होता. अक्षता पडून पंगत बसली होती. माझा चुलतभाऊ नानासाहेब मामा म्हणून उभा राहिला होता.

सरू पाया पडायला आली. चारी, तडा, सोनाजीचा हट्ट, सगळं गाऱ्हाणं मी एका दमात तिला ऐकवलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "मामा, गाडीला कोण विचारत व्हतं?"

दुसऱ्या दिवशी मी भांडायच्या तयारीनेच शेडवर गेलो. वेळेवर पोचलात का, एवढंच सोनाजीने विचारलं. मी नाही म्हणालो. तो खाली बघत खडूचे तुकडे गोळा करत राहिला. एसटीनं जा म्हणून आधीच सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.