मरळीचं मुंडकं

माझ्या सासुरवाडीला मुळा धरणाचं पाणी घरामागच्या बांधापर्यंत येतं. सासऱ्यांना तीन मुली. थोरली माझी बायको. पहिली काही वर्षं मी एकटाच जावई होतो आणि ती वर्षं मला फार मानवली. सासरे गळ टाकून मरळ धरायचे, सासूबाई लालभडक कालवण करायच्या आणि त्यातलं मुंडकं सासरे स्वतःच्या हातानं माझ्या ताटात वाढायचे. "घ्या पाव्हणं, ह्यो तुमचा मान," म्हणायचे. मला मुंडकं एवढं काही आवडत नव्हतं. मान आवडायचा.

मग मधलीचं लग्न झालं आणि श्रीगोंद्याचे साडू आले. साखर कारखान्यात नोकरी, बोलणं गोड. पहिल्याच दिवाळीला त्यांनी पिशवीतून स्वतःचा गळ काढला आणि हातभर मरळ ओढून आणली. संध्याकाळी मुंडकं त्यांच्या ताटात पडलं. मी शेपटीकडचा तुकडा चिवडत बसलो. माझ्या पोटात दुखायला लागलं, उगीच कशाला लपवू?

पुढे दर खेपेला तेच. काठ एकच, पाणी एकच. माझं गांडूळ दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाबरोबर तळाच्या गाळात रुतायचं आणि खेकडे ते फुकटात खायचे. त्यांच्या गळाला मात्र मरळ. सासरे त्यांच्या शेजारी बसून खो खो हसायचे, माझ्याकडे यायचे ते तंबाखू मागायला. गळाला काय लावता, असं साडूंना विचारायला माझी जीभ रेटेना.

एकदा ते आंघोळीला गेले तेव्हा ओसरीला टेकवलेली त्यांची काठी मी निरखून पाहिली. गांडूळ नव्हतंच. गळावर हवाई चपलेचा हरभऱ्याएवढा तुकडा, त्याला काळा दोरा गुंडाळून कोंबडीचं पीस बांधलेलं. झाला किडा! त्याच्या वीतभर अलीकडे शिसं. म्हणजे शिसं तळाला बसणार आणि हा तरंगता किडा गाळात न रुतता वीतभर वर उभा राहणार. दोरी ओढली की डुबकी मारणार, सैल सोडली की परत वर येणार. मरळीला वाटणार, जिवंत आहे. चपलेच्या एवढ्याशा तुकड्यानं माझा मान पळवला होता.

नगरला आल्या आल्या मी बायकोची चप्पल कापली. ती नेमकी नवी निघाली. "माझ्या माहेरी मिरवायला माझीच चप्पल कापा," हे मग बरेच दिवस ऐकावं लागलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे जमलो. मी माझा किडा तळाशी सोडला, हळूच ओढला, सैल सोडला. तिसऱ्या-चौथ्या ओढीला काठी अशी वाकली की मी गुडघाभर पाण्यात उतरलो. साडूंच्या आजवरच्या कुठल्याही मरळीपेक्षा मोठी मरळ! साडूंना त्या दिवशी काहीच मिळालं नाही. मला इतका आनंद झाला की मी त्यांची समजूतही घातली.

जेवताना मी ताटात मुंडक्यापुरती जागा करून ठेवली. सासऱ्यांनी पळीत मुंडकं घेतलं, माझ्यासमोरून पुढे गेले आणि साडूंच्या ताटात वाढलं.

"मामा, मासा मी धरलाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हय की, लई झ्याक धरला," सासरे म्हणाले. "पर तुमी आता घरचंच. मान पाव्हण्याचा. आन तेवढा पान्याचा तांब्या भरून आना."

वाढता वाढता बायकोनं तोंडाला पदर लावला. मुंडकं मासा धरणाऱ्याचं कधीच नव्हतं. ते नव्या जावयाचं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, मीच चपला कापत बसलो होतो. सासरे घरचा म्हणाले याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी तांब्या भरून आणला.

आता धाकटीचं लग्न ठरलंय. परवा साडूंचा फोन आला. उसाचं झालं, पावसापाण्याचं झालं, मुलांच्या शाळेचं झालं. मग जरा घुटमळून म्हणाले, "दादा, नवे पाव्हणे मासे खातात का वो?"

"नाही खात म्हणे," मी सांगितलं.

पलीकडे त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला स्पष्ट ऐकू आला.

"पण तुम्ही काळजी करू नका," मी म्हणालो. "मी शिकवतो त्यांना."