अक्काने ओळखलेलं हाड

अक्का गेल्याची तार मुंबईत कचेरीत माझ्या हाती पडली, तेव्हा डोळ्यांपुढे आधी आले ते तिचे मातीने भरलेले हात. गोदूअक्का माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात वैधव्य आलं आणि ती कर्जतला माहेरी परतली. पुढे मी सुट्टीत नेलेल्या एका मासिकात तिनं वाचलं, की फार प्राचीन जनावरांची हाडं दगड होऊन जमिनीत सापडतात. झालं! चाळिशी उलटलेली ही बाई उल्हासच्या काठाने दगड उलथीत फिरू लागली. "बापू, आपल्याकडेही असेलच की एखादं..." असं म्हणायची.

एका पावसाळ्यानंतर, मी दिवाळीच्या सुट्टीत घरी असताना, ढासळलेल्या काठात तिला खरंच एक हाड मिळालं. वीतभराहून लांब, जड, काळपट. आईने ते ओटीवरही येऊ दिलं नाही. अक्काने ते गोठ्यात ठेवलं, आंघोळ केली आणि पानावर बसली, पण तिचं जेवणात लक्ष नव्हतं. इतकं आनंदलेलं मी तिला क्वचितच पाहिलं होतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. भिवपुरीकडच्या एका गावातली भागीरथी सून सखूला घेऊन आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा धोंडू लाकडं आणायला रानात गेला होता, तो परतलाच नव्हता. वाघाने नेला, असं भावकी म्हणे. आता हाड सापडल्यावर क्रियाकर्म उरका, सुनेच्या बांगड्या फोडा, असा त्यांनी लकडा लावला होता.

"माजा धोंडू हाय का त्यो, अक्का?" म्हातारीने विचारलं. सखूने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

नाही म्हणून टाकणं सोपं होतं. अक्का म्हणाली, "मला अजून ठाऊक नाही गं. बघून सांगते. तोवर कुणाचं ऐकू नका."

गावाबाहेर मेलेली गुरं टाकत, त्या माळावर ती स्वतः गेली आणि हाडं वेचून आली. आई संतापली. "ब्राह्मणाची बाई तू, आणि हे काय आरंभलंस?"

"आई, त्या पोरीच्या बांगड्या जायच्या आहेत..." एवढंच अक्का म्हणाली. आईने तिच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवलं.

अंगणात हाडं मांडून ती एकेक ताडून पाहत होती. बैलाच्या पायाचं एक हाड उचललं आणि थांबली. मग सापडलेल्या हाडाचा कपचा निखाऱ्यावर धरला. केस जळाल्यासारखा वास आला. "दगड नाही झालेलं, बापू. दगडाला असा वास कुठला? फार जुनं नाहीच हे," असं म्हणत ती जरा हिरमुसली. पण लगेच उठून तिनं सासू-सुनेला बोलावणं पाठवलं.

दोन्ही हाडं तिनं त्यांच्यापुढे ठेवली. "हे बैलाचं, हे सापडलेलं. खाली दोन बोंडं, मधे खाच, दोन्हींना सारखीच. दोन बोंडांखाली दोन खूर. माणसाला खूर असतात का? बैलाहून थोराड आहे, म्हणजे गवा असावा."

सखूने हाडावरून बोट फिरवलं. "म्हंजे ह्ये नाय?"

"हे नाही. तो कुठे आहे ते मला नाही सांगता येणार. पण हे तो नाही."

बांगड्या राहिल्या. पुढच्या शिमग्याला धोंडू आला! आईशी भांडून मुंबईच्या गोदीत हमाली करीत होता. भागीरथीने आधी त्याला बदडलं, मग गळ्यात पडून रडली.

अक्काला दगड झालेलं हाड जन्मात मिळालं नाही. रेल्वेच्या एका इंजिनियराने तिला समजावलं होतं, की आपले डोंगर आगीच्या रसाचे, त्यात हाडं कशी टिकणार? "मग त्या आगीच्या आधीचं शोधीन," म्हणाली आणि खरंच शोधत राहिली. घरोघरची माणसं तिला हाडं, दात आणून दाखवीत.

परवा तिची खोली आवरायला गेलो, तर सखू दारात उभी. शेतात सापडलेली एक दाढ तिनं माझ्या हातावर ठेवली.

"अगं, अक्का आता..."

"ठावं हाय मला. तुमी बगा की."

खिडकीखालच्या फळीवर अक्काने जमवलेल्या दाढा ओळीने मांडलेल्या होत्या. मी बैलाची उचलली. जुळेना. घोड्याचीही जुळेना. सखू उंबऱ्यावर ऐसपैस बसली, आणि मी तिसरी उचलली.