दोन रानांतल्या एकोणीस जाती

जेवणानंतरची झोप कुणाला विचारून येत नाही. डबा नुकताच संपलाय, पंखा गरगरतोय, आणि प्रणोती धुरी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून कपाळ टेबलावर टेकवते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. उशाशी अहवाल आहे. पाच वाजेपर्यंत त्यावर सही करून तो प्रकल्पप्रमुख सरांना पाठवायचाय, आणि घोडं पेंड खातंय ते एकाच वाक्यापाशी: 'तोडलेल्या रानात मुळांवरच्या बुरशीच्या विविधतेत घट आढळली नाही.'

वाक्य खोटं म्हणता येणार नाही. जुन्या रानाच्या मातीत बुरशीच्या एकोणीस जाती सापडल्या. शेजारचा तुकडा दहा वर्षांपूर्वी तोडून, जाळून, वर बुलडोझर फिरवून मोकळा केलेला, तिथेही एकोणीसच. मात्र दोन्हीकडे सारख्या अशा फक्त सहा, हे अहवालात कुठेच नाही. नरो वा कुंजरो वा म्हणतात ते हेच, आणि ते तिलाही कळतं. तोडलं तरी रान पुन्हा सावरतं असं दाखवणाऱ्या याच वाक्याच्या जोरावर जुनं रान तोडायची परवानगी मिळणार आहे.

पंख्याचा आवाज हळूहळू पानांचा होतो. गालाखालचं टेबल ओलं लागतं.

"काय गो बाय, निजलंस?"

समोरच्या स्टुलावर रवळूकाका बसलेत. चार वर्षं तिला रान दाखवणारे, मातीच्या पिशव्या डोक्यावरून वाहणारे रवळूकाका गेल्या श्रावणात लेप्टोच्या तापाने गेले. ते गेलेत हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी पहिल्यांदा आठवतो तो त्यांचा चहा.

"काका, चहा सांगू?"

"चाय नको. माझी किंजळा कितकी वाढली, ता सांग."

त्या तोडलेल्या तुकड्यात काकांनी आपणहून किंजळाची चाळीस रोपं लावली होती. मेली की पुढच्या वर्षी पुन्हा लावायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

"उन्हाळा फार कडक होता, काका."

"उन्हाळ्याक कित्याक दोष देतंस?"

काका उठतात. ती त्यांच्यामागून प्रयोगशाळेचा जिना उतरते. पायऱ्या मऊ होत जातात आणि खाली कॉलेजचं पटांगण नाही, तोच तुकडा आहे. कमरेएवढं रानमोडीचं तण माजलंय. मधोमध इस्पितळातली लोखंडी खाट, सलाईन लटकतंय, पण खाटेवर कुणी नाही. खाटेच्या पायांभोवती रोपं आहेत, गुडघ्याएवढी, पिवळी पडलेली. प्रणोतीला तिथून पळून जावंसं वाटतं.

काका एक रोप उपटून तिच्यासमोर धरतात. मुळं दोऱ्यासारखी कोरडी.

"हेका सोबत नाय. जुन्या रानात मुळाक बुरशी धरता, ती लांबसून खाणापिणा आणून देता. हय कोण असा तेका?"

"एकोणीस जाती आहेत," ती चटकन म्हणते, आणि म्हणताना जीभ जड होते.

"माझ्या घराकडे माणसा सात. उद्या ती काढून थय सात पावणे बसयलंस, तर गणती सातच. पण माझी माणसा खय गेली, ता इचारशीत काय नाय?"

ती खाली बघते. "इथल्या बऱ्याचशा गवतावरच्या, बांधावरच्या आहेत. कुठेही उगवणाऱ्या. झाडांच्या जुन्या सोबतिणी फार थोड्या."

"मगे लिवलंस कित्याक नाय?"

"सर म्हणाले, संख्येपुरतंच लिहा. पुढचं कामही त्यांच्याच हातात आहे."

"सर म्हणाले. आणि तू?"

काकांचा आवाज चढत नाही, म्हणूनच तिला जास्त लागतं. शाळेची पायरी न चढलेला हा माणूस माती जिभेवर ठेवून ती कुठली ते सांगायचा. आताही ते खाली वाकतात, चिमूटभर माती तिच्या जिभेवर ठेवतात.

"चाख. कसली लागता?"

"राखेची."

"आणि ही?"

दुसरी चिमूट गार आहे, ओली, कुजल्या पानांच्या वासाची. हे जुनं रान. ती ओळखते आणि तिला रडू फुटतं.

"ही सरली काय खयसून आणशीत?"

"चुकले मी, काका."

"माका सांगान काय उपेग? मी मेलंय. जिते असत, तेंका सांग."

फोन वाजतो. साडेचार झालेत. पंखा बंद पडलाय, अहवालाच्या पानावर गालाचा घाम उमटलाय. सरांचा फोन.

"धुरी, सही झाली का?"

ती बोलायला तोंड उघडते आणि थांबते. दातांत काहीतरी आहे. तळहातावर थुंकून बघते तर काळे, ओले मातीचे कण. दोन महिन्यांत तिने रानात पाऊल टाकलेलं नाही.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय, सर. ते वाक्य मी काढतेय. जुन्या रानातल्या तेरा जाती तिकडे परतल्याच नाहीत, असं लिहिते."

सर म्हणतात, "तर मग पुढच्या प्रकल्पाचं नाव काढू नका."

"बरं," प्रणोती म्हणते, आणि दातांखाली एक कण कचकन वाजतो.