मुदतीतले काका

मुदत उलटून गेलेली एकही वस्तू ज्याच्या घरात सापडणार नाही असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो म्हणजे ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरातले आमचे घरमालक काका. २०१३ साली आम्ही नवरा-बायको पुण्याहून ऑकलंडला आलो आणि त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या सामानातली मेतकुटाची पुडी उचलली, उलटी केली, डोळ्यांजवळ नेऊन बारीक अक्षर वाचलं आणि "सप्टेंबरपर्यंत आहे, राहू दे" असा निकाल दिला. कुणाकडे जेवायला गेले तरी मसाल्याच्या डब्याची पाठ वाचल्याशिवाय त्यांचा घास घशाखाली उतरत नसे. गाडीचं वॉरंट, म्हणजे तिच्या तंदुरुस्तीचा दाखला, लायब्ररीचं कार्ड, आग विझवायचं नळकांडं, सगळं मुदतीत. काकू म्हणायच्या, "लग्नाला एक्स्पायरी नसते म्हणून बरं. नाहीतर ह्यांनी मला दरवर्षी रिन्यू करून आणलं असतं."

पण या सगळ्या तारखांची पट्टराणी म्हणजे त्यांची नोटरीची सनद. काका मूळचे साताऱ्याचे, संध्या करणारे, एकादशीला भगर खाणारे. आणि न्यूझीलंडात नोटरीची नेमणूक होते ती थेट इंग्लंडच्या आर्चबिशपांच्या कचेरीतून! तो मोहोर लावलेला जाड कागद गणपतीच्या शेजारी चौकटीत लटकलेला असे, आणि दसऱ्याला काकू शिक्क्याच्या लोखंडी यंत्राबरोबर आर्चबिशपांनाही हळदकुंकू वाहायच्या. शिक्क्याला गंज चढू नये म्हणून काका रोज सकाळी तो एका जुन्या पाकिटावर दाबून बघत आणि कुणी गैरफायदा घेऊ नये म्हणून लगेच त्या पाकिटाचे बारीक तुकडे करत. त्यांच्या घरातला केरसुद्धा अधिकृत होता.

सनद एकदाच मिळते, पण वकिलीचा परवाना दरवर्षी नवा केला तरच तिच्यात धुगधुगी राहते, असं काका सांगत. वकिली त्यांनी जवळजवळ बंद केली होती. तरी फी भरायची, आणि मार्च संपायच्या आत ठरलेले तास व्याख्यानं ऐकायची. मग कानात इअरफोनची बोंडं घालून हा गृहस्थ थालीपीठ खाता खाता हरणांच्या फार्मचे करार, नाहीतर बंदरात जहाज अडकवून ठेवण्याचे कायदे ऐकत बसे, आणि प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी हटकून एक शंका विचारे. "आयुष्यात कधी पोहायचे टॉग्ज घालून समुद्रात उतरले नाहीत, आणि जहाजं अडवतायत," असं काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या. महिन्याकाठी जेमतेम दोन-चार माणसं कागद घेऊन येणार, तीही बहुतेक आपलीच, म्हणजे कुणाकडून चिवडा आणि कुणाकडून नुसता नमस्कार घेऊन शिक्का उठणार. मग हा खटाटोप कशासाठी, याचं मला भारी कुतूहल होतं. मी दर मार्चला विचारायचो आणि ते दर मार्चला वेगळं उत्तर द्यायचे. एकदा म्हणाले, "मेंदू गंजत नाही." एकदा म्हणाले, "काकूच्या तावडीतून तेवढेच चार तास सुटका."

शिक्का मारायचा त्यांचा सोहळा बघण्यासारखा असे. पायांत जँडल्स म्हणजे रबरी चपला, हाफ पँट आणि वर कोट-टाय. माणूस कितीही ओळखीचा असो, पासपोर्ट दाखवल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. मी एकदा म्हटलं, "काका, मी तुमचा भाडेकरू." त्यावर म्हणाले, "ते मला माहीत आहे. पासपोर्टला माहीत आहे का, ते बघू." मग कागदाची ओळ न् ओळ मोठ्याने वाचायची. आणि शेवटी तो प्रश्न: "सही स्वखुशीने करताय ना?" हा प्रश्न ते घरच्यांच्या माघारीच विचारत. त्यासाठी बरोबर आलेल्या नवऱ्याला, भावाला, सुनेला, जो असेल त्याला कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला पिटाळत. त्यामुळे त्यांच्या फ्रिजमध्ये दूध कायम हीप्स, म्हणजे ढिगाने, असे. ज्या आठवड्यात मुखत्यारपत्रं जास्त, त्या आठवड्यात आम्हाला बासुंदी मिळायची.

एका शनिवारी असाच एक इंजिनिअर मुलगा आईला घेऊन आला. आई पुण्याच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, विधवा, मुलाकडे काही महिने राहायला आलेल्या. आठवड्याने परत जायच्या होत्या. पुण्याचा फ्लॅट विकायचं मुखत्यारपत्र मुलाच्या नावे करायचं होतं. मुलगा चांगला होता हो. आई तिकडे एकटी असते, तिला कायमचं इथे आणावं, एवढंच त्याच्या मनात. काकांनी त्याला दुधाला पाठवलं, साक्षीला म्हणून मला बसवलं आणि प्रश्न विचारला.

बाई म्हणाल्या, "फ्लॅट विकून मी इथेच राहायचं ठरलंय."

"ते त्याचं झालं. तुमचं काय ठरलंय?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तिथे मी गॅलरीतून हाक मारली की खालचा वाणी सामान वर पाठवतो. इथे मी कुणाला हाक मारू?"

"मग मुलाला सांगा तसं."

"कसं सांगू? इतक्या हौसेने माझ्यासाठी खोली रंगवलीय त्याने. तुम्ही आपलं शिक्का मारा. व्हायचं ते होईल."

काकांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात मुलगा दुधाची बाटली घेऊन आत आला. काकांनी बाटली हातात घेतली, सवयीने तिची तारीख वाचली, आणि मान वर न करता म्हणाले, "माफ कर बाबा. आत्ता लक्षात आलं, माझा परवाना संपलाय. मला सही करता येणार नाही."

मी थक्क झालो. त्या वर्षीचा करकरीत परवाना माझ्या डोक्यामागेच भिंतीवर होता. मी गुपचूप खुर्चीवरून उठून त्याच्यापुढे उभा राहिलो.

"काका, तुमचा संपला?" मुलगा हसायलाच लागला. "सगळे म्हणतात, तुमच्याकडे दहीसुद्धा एक्स्पायर होत नाही!"

"वय झालं रे."

"इट्स ऑल गुड. दुसऱ्या कुणाची अपॉइंटमेंट मिळते का बघतो."

बाईंनी मात्र जन्मभर वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत बघितलेलं. निघताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून भिंतीवर गेली, तारखेवर थांबली, आणि त्या काकांना म्हणाल्या, "होतं असं कधी कधी."

ते गेल्यावर मी विचारलं, "काका, नोटरीने खोटं बोलावं?"

"कागदावर बोललो का?" असं म्हणून ते टाय सोडायला लागले.

आठवड्याभरात अपॉइंटमेंट मिळाली नाही आणि बाई पुण्याला गेल्या. मुलासमोर जे जमलं नव्हतं ते त्यांनी तिकडून फोनवर सांगून टाकलं, असं काकूंकडून कळलं. फ्लॅट राहिला. पण काकांचं काय झालं? मराठी मंडळाच्या दिवाळीला काकांचा परवाना संपल्याची बातमी फराळाबरोबर फिरली. कुणीतरी त्यांच्यापुढे चकलीची बशी धरून म्हणालं, "घ्या काका, तुमच्यापेक्षा फ्रेश आहे!" सगळे हसले, काकाही हसले. मला मात्र ती बशी त्या माणसाच्या हातातून काढून घ्यावीशी वाटली. खरं काय ते सांगणार होतो, तर काकांनी माझं मनगट धरलं. हळूहळू लोक कागद घेऊन सिटीतल्या नोटरीकडे जायला लागले. फ्रिजमध्ये दूध बेताचं राहू लागलं.

आणि मार्च आला तशी कानात बोंडं घालून काका पुन्हा व्याख्यानाला बसले.

"आता कशासाठी, काका?" मी विचारलं. "आता तर कुणीच येत नाही."

त्यांनी एका कानातलं बोंड काढलं. "परत अशी एखादी आली तर? अरे, नाही म्हणायलासुद्धा शिक्का चालू असावा लागतो. बंद पडलेल्या माणसाच्या नाहीला कोण विचारतो?" एवढं बोलून ते पुन्हा जहाजांकडे वळले. इतक्या मार्चांत त्यांनी दिलेलं हे एकच उत्तर मला खरं वाटलं.

२०१९ मध्ये माझी नोकरी बदलली आणि आम्ही ऑकलंड सोडून जॉन्सनव्हिलला आलो. पुण्यातल्या बँकेसाठी एका कागदावर नोटरीची सही हवी होती, म्हणून ऑफिसजवळच्या एका नोटरीकडे गेलो. माणूस सज्जन होता. "किया ओरा" म्हणून माओरीत नमस्कार केला, पासपोर्ट बघितला, सही घेतली, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. मी त्या शेवटच्या प्रश्नाची वाट बघत तसाच बसून राहिलो. त्याला वाटलं माझं काही राहिलंय. मी म्हटलं, काही नाही, आणि उठलो. बायको बाहेर गाडीत थांबली होती. तिला कुणी दूध आणायला पाठवलं नव्हतं.