पोरीचं पोतं

मी कामरगाव सोडलं तेव्हा जीपच्या टपावर दोन गोष्टी बांधल्या होत्या. एक माझी पत्र्याची पेटी आणि दुसरं गव्हाचं पोतं. दहावी झाली होती, सायन्सला जायचं होतं आणि त्यासाठी मालेगावला मामांकडे राहायचं ठरलं होतं. आई जीपपर्यंत आलीच नाही. ती न्हाणीत बसून घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती, रडू आलं की तिचं हेच असायचं. बाबांनी कारंज्याला एसटी पकडली. कंडक्टरने पोत्याचं वेगळं तिकीट फाडलं, त्यावरून शेलूबाजार येईपर्यंत बाबा कुरकुरत होते. मालेगावला उतरता उतरता मात्र म्हणाले, "मामाच्या घरी पोरीवानी राह्यजो, पाहुणीवानी नाई."

मालेगाव म्हणजे आपलं, वाशीम जिल्ह्यातलं. पुण्यात हे मला अजूनही समजावून सांगावं लागतं, कारण इथे मालेगाव म्हटलं की सगळ्यांना नाशिककडचंच आठवतं.

मामा तिथल्या शाळेत मास्तर होते. भाड्याचं घर, दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. घरात मामा, मामी, त्यांचा मुलगा संजूदादा आणि आता मी. बाबांनी पोतं पडवीत टेकवलं आणि म्हणाले, "मास्तर, हे पोरीचं पोतं." मामा चिडले. "कायले आनलं भाऊजी? पोरगी काय पोतं खाते?" बाबांनी घाम पुसला. "ते खाईन तेवढं खाईन. पोतं टाकलं का मले झोप लागते."

तुमच्यापैकी ज्यांनी शिकायला म्हणून नातेवाइकांच्या घरी वर्षं काढली, त्यांना हे पोतं माहीत आहे. उन्हाळ्यात गव्हाचं यायचं, मकरसंक्रांतीनंतर तुरीचं. ते भाडं नव्हतं, कारण भाडं म्हटलं असतं तर मामांनी बाबांना दारात उभं केलं नसतं. ते देणंही नव्हतं. पोरगी तुमच्या घरी आहे याची आम्हाला आठवण आहे, एवढंच ते पोतं सांगायचं. आणि मामा दर वेळी न चुकता चिडायचे, दर वेळी न चुकता ते उचलून आत न्यायचे. पाच वर्षं मी त्या घरात राहिले, बारावी आणि पुढे बीएस्सी, आणि बाबा-मामा, दोघांपैकी एकानेही आपला संवाद बदलला नाही.

एका पगाराचं घर होतं ते. दिवाळीला एकाच ताग्यातून संजूदादाचा शर्ट आणि माझा कुर्ता शिवला जायचा, आम्ही दोघं बाहेर पडलो की बँडवाले दिसायचो. पंखा एकच. वेशीपलीकडच्या मळ्यातली सखुबाई सकाळी भाजीची पाटी घेऊन यायची, वांग्यांवर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट टाकायची, आणि मामी तरीही तिच्याशी भांडायची. फ्रिज परवडत नाही, असं मामा म्हणायचे. स्कूटर परवडत नाही, टेबल फॅन घ्यायचा पण यंदा परवडत नाही. ही यादी मोठी होती आणि ती आमच्यासमोर मोकळेपणी वाचली जायची. त्या यादीत माणसाचं नाव मात्र कधी आलं नाही. माझ्यानंतर मामीच्या भावाचा मुलगा दोन वर्षं तिथे राहून आयटीआय करून गेला. तेव्हाही एकच पगार होता, एकच पंखा होता.

त्या पंख्याखालची, खिडकीजवळची जागा मला मिळाली होती. आधी तिथे मामी झोपायची. मी आले त्याच दिवशी तिने आपली वाकळ उचलून स्वयंपाकघरात नेली. मी नको म्हणाले तर हसली. "मले तं सैपाकघरातच बरं वाटते वं. थंड राह्यते तिकडं." मला ते खरं वाटलं. सोळाव्या वर्षी आपल्या सोयीचं सगळं खरंच वाटतं.

नोकरी लागली आणि मी पुण्याला आले. आता पंचवीसेक वर्षं झाली. नवरा आयटीत, मी बँकेत, मुलगा ओंकार नववीत. धायरीत वन बीएचके आहे, चौथ्या मजल्यावर. त्याचा हप्ता अजून सात वर्षं चालेल. मामांनी घरात वीस वर्षं जे परवडत नाही म्हणून मोजून दाखवलं, ते सगळं माझ्याकडे आहे. फ्रिज आहे, वॉशिंग मशीन आहे, दोन गाड्या आहेत, चार माणसांना पुरतील एवढे मोबाइल कपाटात बंद पडलेले आहेत. शर्ट तर इतके स्वस्त झालेत की धुवायचा कंटाळा आला म्हणून लोक नवे मागवतात. पण पायाखालची फरशी महाग झाली. शाळा महाग झाली. आजारपण इतकं महाग झालं की आजारी पडण्याआधीच दरवर्षी त्याचे पैसे भरून ठेवावे लागतात. मालेगावला डॉक्टर मामांकडून पैसे घेताना संकोचायचे, कारण त्यांचा मुलगा मामांच्या वर्गात होता.

गावाकडे कोणी विचारतं, दोघं कमावता, मग कशाची चणचण? काय सांगायचं? चणचण नाही हो. खाऊन पिऊन सुखी आहोत. फक्त घरात एक माणूस वाढेल एवढी जागा कुठल्याच बाजूने उरलेली नाही, ना फरशीत, ना पगारात, ना दिवसात. बाबा गेले, त्यानंतर आईला इथे आणायचा विचार झाला. ती आली, पंधरा दिवस राहिली आणि म्हणाली, "तुमी सगळे भल्ले धावून राह्यले बाप्पा, मी कोनाच्या मधात येऊ?" आणि भावाकडे परत गेली. मी तिला थांब म्हणाले होते. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघून ठरवलं असावं.

गेल्या जुलैमध्ये मामांचा फोन आला. संजूदादाची मुलगी सानिका, तिला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसातच मोठ्याने बोलायला लागले. मग मामा म्हणाले, "पीजी का काय म्हन्तात, ते पाह्यलं संजूनं फोनवर. पैसे भरले. मी येऊन राह्यलो सोडाले. तू तिथंच ये, भेट होईन." माझ्या घराचा विषयच निघाला नाही. फोन ठेवला आणि मला अपमान झाल्यासारखं वाटलं. त्याच वेळी, खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं म्हणून जास्त राग आला, पण तो कोणावर काढायचा ते कळेना.

मी सकाळी पीजीच्या दारात पोचले तेव्हा रिक्षातून आधी सानिका उतरली, मग मामा आणि मग पोतं. पंचाहत्तरीचा माणूस, ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रभर पोतं घालून आला होता. सुतळीने तोंड शिवलेलं, तेच गव्हाचं.

पीजी चालवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, त्यांना बोल लावायचा नाही. त्यांनी खोली दाखवली, चार कॉट, चार लोखंडी कपाटं, वायफायचा पासवर्ड दाराच्या मागे चिकटवलेला. मामांनी पोतं त्यांच्यासमोर टेकवलं आणि म्हणाले, "बाई, हे पोरीचं पोतं."

त्यांना कळलंच नाही. "काका, पैसे तर ऑनलाइन आलेत तुमचे."

"पैसे तं देलेच. हे वरून हाये. आमच्या इकडचा गहू."

"पण आमच्याकडे डबा बाहेरून येतो. गहू मी कुठे ठेवणार?"

मामांनी खोलीभर नजर फिरवली. "तुमी कुठं राह्यता?"

"मी कोथरूडला. इथे दिवसा येते."

"मंग रातच्याले पोरीईपाशी कोन राह्यते?"

"कॅमेरे आहेत ना काका, सगळीकडे."

मामा पोत्यावर हात ठेवून उभे राहिले. आयुष्यभर मुलांना शिकवलेला माणूस, कधी कुणापुढे अवघडला नव्हता, तो एका पोत्याचं काय करायचं या प्रश्नाने लहान झाला होता. मला ते बघवेना. मी म्हणाले, "पोतं माझ्याकडे नेऊ या, मामा."

सानिकाला सामान लावायला सोडून आम्ही धायरीला आलो. ओंकारने पोतं लिफ्टमधून वर आणलं. स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून ते हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभं राहिलं. मामा सोफ्यावर बसले, चहा घेतला, घर छान आहे म्हणाले. मला राहवलं नाही.

"मामा, मला का नाही विचारलं? मी परकी झाले का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "म्या विचारनार होतो. फोन हातात घेतला होता. तुह्या मामीनं नाई म्हनलं."

मामीनं? मला वाटलं माझ्या कानांचीच चूक.

"ते म्हने, वंदूले विचारू नका. विचारलं तं पोरगी नाई म्हननार नाई. अन् हो म्हनलं तं त्यात बाईचं काय काय जाते, ते तुमाले मालूम नाई. मले हाये."

मामा हे सांगून खाली ठेवलेल्या कपाकडे बघत राहिले. मला वाटतं, मामीने त्यांना हे सांगितलं तेव्हाही ते असेच कशाकडे तरी बघत राहिले असणार.

वऱ्हाडातला मे महिना तुम्हाला माहीत आहे. पत्र्याचं छप्पर, स्टोव्ह, एक झरोका. ते स्वयंपाकघर थंड कधीच नव्हतं. मी त्या दुपारी माझ्या सोफ्यावर, माझ्या एसीखाली बसून हे पहिल्यांदा समजून घेतलं. मामांच्या एका पगारात माणसं परवडायची, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. पगारात कुठलं परवडणार होतं? ते मामीत परवडत होतं. तिच्या झोपेत, तिच्या शेवटच्या भाकरीत, हापशावरच्या दोन जास्तीच्या खेपांत. कुणी तिला विचारलं नव्हतं आणि तिने कधी मोजून दाखवलं नाही. आता मला विचारायची वेळ आली तेव्हा तिने मध्ये हात घातला. माझ्यावर कुणी एवढी माया केल्याचं मला आठवत नाही. मी मामांसमोर रडले, आणि मामा ओंकारला क्रिकेटचा स्कोअर विचारत बसले.

मामा गावी परतल्यावर मी नवऱ्याशी बोलले. मी सरळ सांगितलं, मला सानिकाला आणायचंय, पण मला मामी व्हायचं नाही. माझ्यात तेवढं नाही आणि असतं तरी द्यायचं नाही. हे ऐकून तो आधी घाबरला, मग विचारात पडला. आठ दिवस आमच्या घरात यावर चर्चा चालली. शेवटी तो आणि ओंकार झोपायला हॉलमध्ये आले. सोफा विकून टाकला, दोन घडीच्या कॉट आणल्या. सकाळचे डबे तो करतो, पोळ्या भारताच्या नकाशासारख्या येतात पण येतात. संध्याकाळचा कुकर सानिकाचा. पोत्यातले गहू गिरणीवर नेणं ओंकारचं, आणि पहिल्या दिवशी तो चक्कीवाल्याला विचारून आला की यातून ब्रेड निघतो का. भरलेला महिना सानिकाने पीजीत काढला. एक तारखेला ती बॅग घेऊन आली.

हे किती दिवस निभेल, मला माहीत नाही. बाथरूम एकच आहे, सकाळी भांडणं होतात. वीजबिल वाढलं, ओंकारची एक शिकवणी बंद केली आणि ती नकोशी झालेली होती म्हणून तो खूश आहे. पण पाहुणे आले की टीव्हीशेजारचं पोतं बघून विचारतात, हे काय? मी सांगते, पोरीचं पोतं आहे. कामरगावचं घर भावाचं झालं, मालेगावचं भाड्याचं घर कधीच पाडलं. घर म्हटल्यावर मला आता माझी ही गजबजलेली, चौथ्या मजल्यावरची फरशीच आठवते, आणि हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच होतंय.

सानिका आली त्या रविवारी मामीला फोन लावला. आता तिला कमी ऐकू येतं, मी ओरडूनच सांगितलं, पोरगी आली, नीट आहे, जेवली. मला वाटलं ती नातीला फोन दे म्हणेल. तिने विचारलं दुसरंच.

"अन् तू कुठं झोपतं वं?"

"माझ्याच जागेवर, मामी. खिडकीपाशी. सानिका माझ्या बाजूला."

फोन कटला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"मंग परवडते," मामी म्हणाली.